दोन थेंबांचे ऋण

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यात, मुंबईहून नागपुरास जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर दुसरबीड हे गाव आहे. अशा गावात पोलिओच्या रविवारी काय घडते हे वाचकांस ठाऊकच आहे. बसथांब्याजवळ, शाळेत किंवा अंगणवाडीच्या ओसरीवर एक टेबल मांडतात. शेजारच्या पेटीत बर्फामध्ये लशीच्या कुप्या ठेवलेल्या असतात. आशाताई बाळाचे गाल हलकेच दाबून त्याच्या तोंडात दोन थेंब सोडते आणि डाव्या करंगळीला शाईची खूण करते. आता असे समजू की, एका मातेने मूल कडेवर घेऊन विचारले, "ताई, ह्या गावात पोलिओने पांगळे झालेले लहान मूल अलीकडे तुम्ही पाहिले आहे का? मी तर पाहिलेले नाही. माझ्या बाळाला दवाखान्यात पोलिओची सुईही टोचून झाली आहे. मग हे थेंब कोणासाठी?"

हा प्रश्न ऐकला म्हणजे विचारणारी बाई अडाणी आहे, किंवा कोणी तरी तिचे कान भरले आहेत, असे समजण्याची आपणा शिकलेल्या लोकांस सवय आहे. मग 'सरकारने सांगितले आहे' असे म्हणून, नाही तर 'अहो, तुमच्याच बाळाच्या भल्यासाठी' असे म्हणून वेळ मारून नेतात. ह्यांपैकी पहिले उत्तर उत्तरच नव्हे. दुसरे अर्धेच खरे आहे. अर्धे खरे सांगून एखाद्याच्या हातून चांगले कृत्य करवून घ्यावे काय, आणि असे करवून घेणाऱ्यावर कोणते ऋण चढते, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम त्या मातेच्या म्हणण्यात तथ्य किती आहे ते पाहू. निसर्गात फिरणाऱ्या मूळ पोलिओ विषाणूने, ज्यास वन्य विषाणू म्हणतात त्याने, पांगळे झालेले भारतातील शेवटचे मूल म्हणजे बंगालमधील हावडा जिल्ह्यातली एक लहान मुलगी. तिचा रोग १३ जानेवारी २०११ रोजी प्रकट झाला. त्याच्या दोनच वर्षे आधी, २००९ साली, आपल्या देशात ७४१ मुलांना हा रोग झाला होता, व जगातील कोणत्याही देशापेक्षा हा आकडा मोठा होता. २०११ नंतर एकही नाही. म्हणून २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशियाचा सर्व प्रदेश पोलिओमुक्त ठरविण्यात आला. तेव्हा दुसरबीडच्या मातेने असे मूल पाहिले नाही, ह्यात तिच्या नजरेचा दोष नाही.

तिच्या दुसऱ्या म्हणण्यातही तथ्य आहे. अमेरिकेतील डॉ. साल्क ह्यांची लस, जी सुईने टोचतात, ती १९५५ साली लोकांपुढे आली. डॉ. सेबिन ह्यांची तोंडाने द्यावयाची लस त्यानंतर काही वर्षांनी आली. ह्या दोहोंत असा भेद आहे की, सुईची लस मुलाच्या अंगात बळ आणते व त्याचे हातपाय लुळे पडू देत नाही. परंतु विषाणू त्याच्या आतड्यात शिरून, वाढून, शौचावाटे बाहेर पडण्यास तिचा अटकाव फारसा होत नाही. थेंबांची लस आतड्यातच पहारा बसविते. ज्या बाळास सुई टोचली आहे त्याचे रक्षण बहुतांशी झालेले आहे. त्याला वर थेंब द्यावयाचे ते मुख्यतः त्याच्यामार्फत दुसऱ्याच्या घरी रोग जाऊ नये म्हणून. म्हणजे मातेस खरे उत्तर द्यावयाचे तर असे द्यावे लागेल: "वहिनी, थोडे तुमच्या बाळासाठी, आणि पुष्कळसे अशा बाळासाठी की ज्याचे तोंड तुम्ही कधी पाहिले नाही."

हे दुसऱ्याचे बाळ एवढे शोधावे का लागते, हे समजण्यास देवीच्या रोगाची आठवण करावी. देवी ज्याला निघत त्याच्या तोंडावरच त्या दिसत. रोग्याचे चित्र हाती घेऊन कर्मचारी गावोगाव, बाजारोबाजारी फिरत आणि 'असा कोणी पाहिला काय' म्हणून विचारीत. मुलेसुद्धा बोट दाखवून घर सांगत. भारतातील शेवटचा रोगी १९७५ साली सापडला आणि १९८० साली जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. पोलिओचे तसे नाही. ज्यांच्या पोटात हा विषाणू जातो अशा सुमारे दोनशे मुलांत एकच पांगळे होते. बाकीच्यांना फार तर चार दिवस ताप येतो, पुष्कळांना तोही येत नाही. परंतु ती खेळतात, प्रवास करतात, आणि त्यांच्या शौचावाटे विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. एक लुळा पाय दिसला म्हणजे त्याच्या पाठीमागे न दिसणारी दोनशे धडधाकट मुले आहेत असे समजावे लागते.

१९८८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने हा रोग पृथ्वीवरून नाहीसा करण्याचा ठराव केला, त्या वेळी सव्वाशेहून अधिक देशांत वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुले पांगळी होत होती. आपल्या देशात पल्स पोलिओची मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली. एकेका राष्ट्रीय दिवशी सुमारे १७ कोटी बालकांना थेंब देण्यासाठी वीस लाखांहून अधिक माणसे बाहेर पडत. ते सर्वांना दिसले. जे फारसे कोणास दिसले नाही ते शोधाचे काम. १९९७ पासून देशभर असा नियम घालण्यात आला की, पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय एकाएकी लुळा पडला, मग कारण काहीही असो, तर त्याची वर्दी द्यावी. वर्दी देणाऱ्यांत मोठ्या इस्पितळांचे डॉक्टर होते, तसे गावचे वैद्य व झाडपाला देणारेही होते. कारण लुळा पाय घेऊन गरीब माणूस प्रथम कोणाकडे जातो हे शोध करणाऱ्यांनी ओळखले होते. वर्दी मिळताच त्या मुलाच्या शौचाचे दोन नमुने, एका दिवसाच्या अंतराने आणि चौदा दिवसांच्या आत, घ्यावयाचे व बर्फात ठेवून प्रयोगशाळेस पाठवावयाचे. मुंबईस परळ येथे हाफकिन संस्थेच्या आवारात अशी एक नामांकित प्रयोगशाळा उभी राहिली. विषाणू एका पोटातून दुसऱ्या पोटात जाताना त्याच्या घडणीत बारीक बारीक फरक पडत जातात. ते जुळवून पाहिले म्हणजे तो कोठून निघाला व वाटेत किती काळ राहिला हे समजते. मराठी माणूस बोलीवरून 'हा वऱ्हाडचा, हा घाटावरचा' असे ओळखतो, त्यातलाच हा प्रकार. शिवाय २००१ पासून मुंबईच्या गटारांतील पाणी नेमाने तपासण्यास आरंभ झाला, कारण जे मूल आजारी दिसत नाही त्याची साक्ष गटार देते.

ह्या शोधातून आपल्या प्रांतासंबंधी एक गोष्ट उघड झाली. अखेरच्या वर्षांत महाराष्ट्रात जो विषाणू सापडे तो पुष्कळदा उत्तर प्रदेश व बिहार ह्या प्रांतांतील विषाणूंच्या गोतातला निघे. तो पोटासाठी हिंडणाऱ्या माणसांबरोबर आला होता. म्हणून वीटभट्ट्या, इमारतींची कामे, ऊसतोडीचे तळ, पुलांखालच्या झोपड्या अशा ठिकाणी वेगळी पथके पाठवावी लागली. आपल्या भागालाही हे परके नाही. इकडची माणसे कोयते घेऊन कारखान्यांकडे जातात. आणि समृद्धी महामार्ग ह्याच तालुक्यातून गेला तेव्हा तो बांधण्यास दूरदूरच्या प्रांतांतून मजूर येऊन राहिले. रस्त्याच्या कडेच्या पालात जे मूल निजले आहे त्याचे नाव गावच्या कोणत्याही वहीत नसते. थेंबांच्या मोहिमेने निदान एवढे केले की, त्या मुलाला मोजले. दुसऱ्या कोणत्या कामासाठी त्याला कोणी मोजले असेल असे वाटत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आई आपल्या बाळाची विश्वस्त आहे. विश्वस्ताने आपल्या ताब्यातील वस्तूचा दुसऱ्याच्या लाभासाठी उपयोग करू नये, असा न्याय आहे. मग परक्याच्या मुलासाठी आपल्या मुलाच्या तोंडात औषध घालण्याचा तिला अधिकार काय, आणि तिला तशी गळ घालण्याचा आपणास अधिकार काय?

कोणी म्हणतील, हा वकिली वाद आहे. दोन थेंबांनी कोणाचे काय बिघडते? ते पुढे पाहूच. तूर्त एवढे लक्षात घ्यावे की, दुसरबीडच्या त्या बाळाला आज जे निर्भय जिणे मिळाले आहे ते आयते मिळालेले आहे. हावड्याच्या, मुरादाबादच्या, पाटण्याच्या आणि मालेगावच्या लाखो आयांनी, काहींनी आनंदाने व काहींनी कुरकुर करीत, आपल्या मुलांच्या तोंडात एकदा नव्हे, दहा दहा वेळा थेंब घालू दिले, म्हणून तो विषाणू इकडे पोहोचत नाही. गावच्या विहिरीचे पाणी सर्वांनी प्यावे आणि उन्हाळ्यात गाळ काढण्याच्या दिवशी एकाने म्हणावे, 'माझा हंडा भरलेला आहे', तर गावकरी त्याला काय म्हणतील? परंतु हा दाखला मी जपून वापरतो. गाळ काढणाऱ्याला आपण कशासाठी खाली उतरत आहोत हे ठाऊक असते. मातेला 'तुझ्याच हंड्यासाठी' असे सांगून खाली उतरविले, तर ते सहकार्य नव्हे, ती फसवणूक झाली. मग काम कितीही चांगले असो.

आणि थेंबांनी कधीच काही बिघडत नाही असेही नाही. तोंडाने द्यावयाच्या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. क्वचित, फारच क्वचित, तोच विषाणू मुलाच्या मज्जातंतूंना इजा करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने सुमारे २७ लाख मात्रांमागे असे एक मूल. ह्याहून मोठे संकट असे की, ज्या वस्तीत पुष्कळ मुले थेंबांवाचून राहिली आहेत, तेथे हा दुबळा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे फिरता फिरता पुन्हा बळ धरतो व वन्य विषाणूसारखाच पांगळे करू लागतो. २०२४ साली मेघालयातील गारो टेकड्यांत एका लहान मुलास झालेला पोलिओ लशीतून आलेल्या विषाणूचाच होता.

ह्या बाबतीत जगातील मोठमोठ्या जाणत्यांची कशी परीक्षा झाली ते सांगण्याजोगे आहे. पोलिओ विषाणूच्या तीन जाती. त्यांतील दुसऱ्या जातीचा वन्य विषाणू शेवटचा दिसला तो १९९९ साली, आपल्याच देशात, अलीगढ येथे. तिसऱ्या जातीचाही शेवट झाल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले, आणि आता पहिलीच जात पाकिस्तान व अफगाणिस्तानात शिल्लक आहे. दुसरी जात १९९९ नंतर कोठेही दिसली नाही, तरी तिची लस मात्र २०१६ पर्यंत तिन्ही जातींच्या थेंबांत मिसळून देण्यात येत होती, आणि लशीतून उद्भवणाऱ्या रोगात ह्या दुसऱ्या जातीचाच वाटा मोठा होता. जो शत्रू मेला त्याच्या भीतीने मुलांस विष का चाखवावे, हा प्रश्न रास्तच होता. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये सर्व जगात एकदम ती जात थेंबांतून काढून टाकण्यात आली. हेतू चांगला होता आणि तयारीही पुष्कळ होती. पण काही देशांत आधीची फट पुरती बुजली नव्हती. लशीतला दुसऱ्या जातीचा विषाणू तेथे लपून राहिला व नंतर जन्मलेल्या, त्या जातीविरुद्ध बळ नसलेल्या मुलांत पसरला. पुढल्या वर्षांत तीन हजारांहून अधिक मुले त्याने पांगळी केली. बहुतेक आफ्रिका खंडातील. २०२४ साली गाझामध्ये दहा महिन्यांचे एक बाळ त्यानेच लुळे झाले, व लढाई थोडी थोडी थांबवून पाच लाखांहून अधिक मुलांना थेंब द्यावे लागले.

ह्या तीन हजार मुलांचा दोष कोणावर ठेवावा? ठराव करणाऱ्यांनी लस चालूच ठेवली असती तर दुसरी काही मुले पांगळी झाली असती, आणि त्यांची नावे वेगळी असती. दोन्ही वाटांवर मुले पडलेली दिसत असताना कमी मुले पडतील ती वाट धरणे, ह्यास पाप म्हणता येणार नाही. तथापि हिशेब चुकला असे दिसल्यावर तो चुकला असे मोठ्याने म्हणणे हे कर्तव्य आहे, आणि ते म्हणण्यास फार वर्षे लागली. ह्या मोहिमेने नेमलेल्या परीक्षकांनी २०२४ मध्ये कठोर शब्दांत तसे लिहिले, हे त्यांच्या प्रामाणिकपणास भूषणावह आहे.

पुष्कळ सज्जन असे म्हणतात की, 'ह्या गोष्टी लोकांत बोलू नयेत. लोक घाबरतील आणि थेंब घेणार नाहीत.' हे मत वाईट हेतूचे नाही, परंतु मला ते पटत नाही. लोकांना पोर समजून त्यांच्यापासून सत्य लपविले म्हणजे ते सत्य दुसरा कोणी तरी त्यांच्याकडे घेऊन जातो, आणि तो ते तिखटमीठ लावून नेतो. उत्तर प्रदेशात असेच झाले. थेंब घेतले की पोलिओ होत नाही, असे सरसकट सांगण्यात येत होते. वास्तविक वेल्लूर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. टी. जेकब जॉन ह्यांनी फार पूर्वीच दाखवून दिले होते की, पाश्चात्य देशांतील मुलांच्या मानाने आपल्याकडील मुलांत ह्या थेंबांचा गुण कमी येतो; म्हणून मात्रा अधिक लागतात आणि सुईच्या लशीचाही विचार करावयास हवा. दाटीची वस्ती, घाण पाणी, वरचेवर होणारी हगवण, ह्यांमुळे थेंब आतड्यात धरत नसत. आठ आठ, दहा दहा वेळा थेंब घेतलेले मूल जेव्हा लुळे पडले, तेव्हा शेजारणी म्हणू लागल्या की थेंब खोटे आहेत. त्यांनी डोळ्यांनी पाहिले तेच त्या बोलल्या. खरे आधी सांगितले असते तर त्यांना राग आला असता. पण आपण फसविले गेलो असे वाटले नसते.

प्लेगच्या दिवसांतील एक गोष्ट येथे आठवते. ज्यांच्या नावाने परळची संस्था आहे त्या डॉ. हाफकिन ह्यांनी प्लेगची लस तयार केल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम आपल्याच अंगात टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना टोचली. (ते आपखुशीने पुढे आले असे म्हणतात, तुरुंगातल्या माणसाची खुशी ती किती, हा प्रश्न मात्र राहतो.) आज महाराष्ट्र सरकारच्या मालकीचा जो औषधांचा कारखाना हाफकिन ह्यांचे नाव चालवितो, तेथे पोलिओचे थेंब तयार होत आले आहेत. मागणाऱ्याने आधी आपला दंड पुढे करावा, हा धडा त्या नावाबरोबर आला आहे. पोलिओच्या थेंबांत तसे करण्यास जागा नाही. पाच वर्षांखालील बालकाच्या वतीने मोठ्या माणसाला धोका पत्करता येत नाही. म्हणून मागणाऱ्याने दुसऱ्या रीतीने आपला वाटा उचलावयास हवा, आणि ती रीत म्हणजे सावधपणा व सत्य.

सावधपणा सुटला म्हणजे काय होते ते आपल्या विदर्भानेच पाहिले. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे जंतुनाशक पाजले गेले. मुलांना उलट्या होऊ लागल्या. त्यांना यवतमाळच्या इस्पितळात नेण्यात आले व सुदैवाने ती सर्व बरी झाली. कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. शिक्षा योग्य होती की अयोग्य ह्यात मी शिरत नाही. मला त्या बारा आयांचा विचार येतो. कुपीवर काय लिहिले आहे हे त्यांपैकी कोणीच पाहिले नसेल, आणि पाहावे अशी त्यांच्याकडून अपेक्षाही नाही. तोंड उघडून बाळ पुढे करणे म्हणजे आपला सर्व विश्वास दुसऱ्याच्या हाती देणे होय. असा विश्वास सावकाराच्या पेढीवरसुद्धा कोणी ठेवीत नाही. तेथे निदान पावती मागतात.

जेथे हा विश्वास चुकून नव्हे तर जाणूनबुजून मोडला गेला, तेथे फळ फारच कडू आले. २०११ साली अमेरिकेच्या हेर खात्याने पाकिस्तानातील अबोटाबाद शहरात ओसामा बिन लादेन ह्याचा ठावठिकाणा काढण्यासाठी एका डॉक्टरकडून लसीकरणाचे सोंग करविले. ती लस काविळीची होती, पोलिओची नव्हती. पण लोकांनी एवढा भेद केला नाही. पुढील वर्षी वझिरीस्तानात पोलिओचे थेंब देण्यास बंदी झाली, आणि डिसेंबर २०१२ पासून घरोघर थेंब घेऊन जाणाऱ्या गरीब बायकांवर गोळ्या झाडल्या जाऊ लागल्या. ह्यापुढे असे करणार नाही, असे अमेरिकेच्या सरकारने २०१४ मध्ये सांगितले. ज्यांनी बेत रचला ते सुखरूप राहिले. किंमत दिली ती दिवसाच्या थोड्या मजुरीवर काम करणाऱ्या स्त्रियांनी, आणि त्या मुलांनी की ज्यांच्या दारापर्यंत मग कोणी पोहोचले नाही. २०२४ साली त्या दोन देशांत मिळून शंभराच्या आसपास मुलांना वन्य पोलिओ झाला. एका शत्रूस पकडण्यासाठी आईचा विश्वास वापरावा काय, ह्यावर राजकारणी लोक वाद घालोत. आईचा विश्वास ही दुसऱ्याच्या खिशातील वस्तू आहे; ती घेताना तिला विचारले नव्हते, एवढे माझ्यापुरते पुरे आहे.

उत्तर प्रदेश व बिहारातील वस्त्यांत आणखी एक तक्रार ऐकू येई, आणि तिच्यात मोठा न्याय होता. लोक म्हणत, 'मुलाला ताप आला की दवाखान्यात डॉक्टर नसतो, हगवण लागली की औषध नसते, गटार तुंबले की कोणी येत नाही. मात्र हे दोन थेंब दर महिन्यास दारात हजर!' काही गावांनी रस्ता द्या, वीज द्या, मग थेंब घेऊ, असा अडथळाही घातला. अधिकाऱ्यांना हा हट्ट वाटला. पण आपणच विचार करू. एखादा पाहुणा फक्त स्वतःच्या कामासाठीच आपल्या दारी येतो, एरवी आपल्या आजारातही फिरकत नाही, त्याच्या गोड बोलण्याचा आपण काय अर्थ करतो? पुढे मोहिमेच्या लोकांनी हे ओळखले. थेंबांबरोबर हात धुणे, हगवणीवर मीठ-साखरेचे पाणी, अंगावर पाजणे ह्यांचीही शिकवण देऊ लागले, आणि मग दारे उघडली. ज्या घरी सर्व बालकांना थेंब मिळाले त्या घरावर खडूने इंग्रजी 'पी' अक्षर आणि जेथे एखादे राहिले तेथे 'एक्स' लिहिण्याची रीत आहे. 'एक्स'च्या घरी पुन्हा पुन्हा जाऊन, ते मूल कोठे गेले, केव्हा येईल, घरचे का नाही म्हणतात, हे शांतपणे ऐकणारी जी बाई, तिच्याइतके ह्या मोहिमेचे काम दुसऱ्या कोणी केले असेल असे मला वाटत नाही. तिचा मेहनताना पाहिला म्हणजे लाज वाटते.

आता ज्या ऋणाकडे सर्वांत कमी लक्ष गेले त्याविषयी लिहितो. लुळ्या पायाची वर्दी आली म्हणजे शौचाचे नमुने जातात, हे वर सांगितले. देशात वन्य पोलिओचा शेवटचा रोगी सापडला त्या २०११ साली अशा पन्नास हजारांहून अधिक मुलांची वर्दी आली होती. त्यांपैकी एकाच मुलीस वन्य पोलिओ होता. बाकीच्यांचे काय? सरकारी भाषेत त्यांची नावे 'पोलिओ नव्हे' म्हणून यादीतून वगळण्यात येतात. शोध करणाऱ्याच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट आहे. तो विषाणू शोधीत होता, तो येथे नव्हता. पण ज्याचा पाय लुळा पडला त्या मुलाला विषाणूचे नाव बदलल्याने चालता येत नाही. त्यांतील पुष्कळ काही दिवसांनी बरे होतात. काही होत नाहीत. दोन आठवडे ज्या घरी मोठे डॉक्टर मोटारीने आले, ज्याच्या मुलाचे नमुने बर्फात घालून मुंबईपर्यंत गेले, त्या घरी 'पोलिओ नव्हे' असा निरोप आल्यावर मोटार पुन्हा येत नाही. त्या बापाला वाटते की आपला मुलगा कोणास तरी हवा होता, आणि आता नको झाला. मुलाचा उपयोग रोगाची खूण म्हणून करून घ्यावा व खूण नव्हे असे ठरताच त्याला टाकून द्यावे, हे माणसाशी वागणे झाले काय? शोध करणाऱ्यांस मी दुष्ट म्हणत नाही. त्यांना तेवढेच काम नेमून दिले होते. पण कोणास किती काम नेमून द्यावे हे ठरविणाऱ्यांनी ह्याचा जाब दिला पाहिजे.

जी मुले खरोखर पोलिओनेच पांगळी झाली, त्यांचीही हीच कथा. मोहीम सुरू होण्यापूर्वी आणि तिच्या पहिल्या वर्षांत ज्यांचे पाय गेले ते आज तीस, चाळीस, पन्नास वर्षांचे आहेत. प्रत्येक मोठ्या गावात त्यांपैकी कोणी तरी आहे. कोणी तीन चाकांच्या गाडीवर दुकान चालवितो, कोणी शिवणकाम करतो, कोणी हातांवर सरकत ओसरीपर्यंत येतो. पोलिओ गेला म्हणून सोहळे झाले तेव्हा ह्यांना कोणी बोलाविले की नाही, ठाऊक नाही. मुंबईस फातिमा इस्माईल ह्या बाईंनी, स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर, केवळ तिच्यापुरते न पाहता सर्व पांगळ्या मुलांसाठी संस्था काढली व हाजी अली येथे त्यांच्यासाठी इस्पितळ उभे केले. स्वतःच्या मुलापासून दुसऱ्याच्या मुलापर्यंत जाणारी वाट कोणी आखून दिली नसतानाही त्यांना ती सापडली. परंतु दुसरबीडहून हाजी अली फार दूर आहे.

जवळ काय आहे ते पाहू. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्याने त्यांना नोकरी, शिक्षण व सोयींचे हक्क दिले आहेत. आपल्या राज्यात प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम गावातील दिव्यांगांसाठी खर्चावी असा नियम आहे. पुष्कळ ठिकाणी ती रक्कम तशीच पडून राहते किंवा वर्षाअखेर घाईघाईने कशावर तरी खर्ची पडते. 'आमच्याकडे यादीच नाही', असे कारण देण्यात येते. पोलिओच्या रविवारनंतर गावातील एकूण एक घराच्या उंबरठ्यावर वही घेऊन कोणी तरी उभे राहतेच; पाच वर्षांखालील मुले किती, हे विचारते आणि खडूने खूण करून पुढे जाते. त्याच वहीत आणखी एक रकाना आखावा, व त्याच दारात विचारावे की, ह्या घरात चालता न येणारे कोणी आहे काय, आणि त्याला दाखला मिळाला आहे काय. विचारण्यास अर्धा मिनिट लागेल. उत्तर ग्रामसेवकाकडे पोहोचविण्यास आणखी एक दिवस.